जयाच्या मशीनची अमावस्या

जयाने भाकरी तव्यावर टाकली आणि दारावर थाप पडली. कडावच्या त्या आळीत कुणी दार वाजवत नाही; हाक देत सरळ ओट्यापर्यंत येतात. थाप म्हणजे काहीतरी अडलेलं.

दारात शेजारच्या अंबाबाई, हातात पेनड्राइव्ह.

"जया, पोरीच्या मामाचे फोटू राह्यले गं. आज हळदीला पडद्यावर मामा दिसला नाय, तर मांडवातनं उठून जाईल तो."

आसपासच्या गावांतले हळदीचे व्हिडिओ जयाच जोडते. लग्नाआधी ती शिळफाट्यावरच्या एका स्टुडिओत होती. सासरी आल्यावर तिने कॉम्प्युटरचं जुनं मशीन घेतलं, त्यात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं, चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि भाताच्या कणगीशेजारी टेबल मांडलं. भाकरी सासूच्या, ठकीबाईंच्या हवाली करून ती मशीनपुढे बसली. पडद्यावरची अक्षरं ढब्बू झालेली, आणि व्हिडिओचं सॉफ्टवेअर काही केल्या उघडेना.

"काल तर नीट होतं."

"नजर लागली," भाकरी उलटत ठकीबाई म्हणाल्या. "काल अमावस्या व्हती. मशीन बंद करून कुंकू लावलं, नारळ फोडला, परत चालू केलं. तरी बी बघ."

"बंद कशाला केलंत, आई?"

"चालत्या गिरणीला कोन कुंकू लावतं गं?"

भातगिरणीत जन्म काढलेल्या बाईला काय सांगणार. जयाला मात्र उलगडा झाला. तिचं मशीन एरवी महिनाभर चालूच असतं. त्याच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती ते आपलं आपण आणून ठेवतं, आणि ती लागू होते बंद करून चालू केल्यावर. ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पडला दुसऱ्याच कंपनीचा. नव्या कर्नलशी त्याचं जुळत नाही. मागच्या अमावस्येनंतरही हेच झालं होतं, तेव्हा तिने बिचाऱ्या कार्डाला शिव्या घातल्या होत्या.

"म्हंजी झालं काय?" ठकीबाई.

"गिरणीला नवं चाक बसलं, आणि पट्टा जुन्या चाकाच्या मापाचा."

"मग जुनं चाक लाव की."

जयाने तेच केलं. मशीन पुन्हा चालू करताना जुना कर्नल निवडला. अक्षरं ताळ्यावर आली, सॉफ्टवेअर उघडलं आणि थोड्याच वेळात गॉगल लावलेले मामा पडद्यावर झळकले.

"हडकलाय गं माजा भाऊ," अंबाबाई म्हणाल्या आणि निवांत टेकल्या.

"नारळानंच निभावलं," ठकीबाईंनी निकाल दिला.

जयाने व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवून अंबाबाईंच्या हाती दिला. पण पुन्हा बंद झालं, तर जुना कर्नल हाताने निवडल्याशिवाय मशीन नव्यावरच उठणार होतं.

"आई, दर अमावस्येला नारळ फोडा, कुंकू लावा. फक्त मशीन बंद करायच्या आधी मला एक हाक मारा."