छताखालचा डबा

मी धोक्याच्या शास्त्रावर प्रबंध लिहीत होतो, तेव्हा घुग्घुसच्या कोळसा खाणीत छत तपासणाऱ्या एका भाऊंच्या मागे वही घेऊन फिरायचो. ते काठीनं छत ठोकत आणि कान देत. आवाज भरीव आला, म्हणजे छत पक्कं असलं, की तिथंच खाली बसून डबा उघडत. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे कामगार पुढे येत नसत.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, शंभरात किती वेळा छत पडतं, याचं गणित मांडता येतं."

"मांडा नं सर. पन आज हे पडते का नाई, तेवढं सांगा."

त्यांनी छत ठोकलं, डबा उघडला आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"या, बसा."

"भूक नाही," मी म्हणालो. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.