टिचबटणाची ओढणी

केदारखेड्याच्या बसस्टॉपवर उतरलं की उजव्या हाताला पिठाची गिरणी लागते आणि गिरणीला खेटून पत्र्याची एक खोली. दारावर पाटी आहे, ‘शिवकन्या लेडीज टेलर’. पण पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही. आतून एखादी पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडली की खुशाल समजावं, माप घेणं चालू आहे.

ही शिवकन्येची जगावेगळी पद्धत. कॉलेजची पोरगी ड्रेस शिवायला आली की शिवकन्या आधी तिला दोन्ही हात वर करायला लावणार, मग दारापासून मशीनपर्यंत लांब ढांगा टाकत चालायला लावणार आणि शेवटी छातीभोवती टेप धरून म्हणणार, “हं, आता ओरड.”

“काय ओरडू, मावशी?”

“कुत्रं घरात शिरलं, त्याला हाकलून राह्यली असं समज. पोटातून काढ आवाज. न्हाई ओरडली तं माप चुकतं माझं.”

पोरगी आधी फिस्सकन हसणार. मग मांजरीसारखं काहीतरी करणार. शिवकन्या टेप सोडत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला असा काही आवाज निघतो की पोरगी स्वतःच दचकते. सुरुवातीला गिरणीवाले माऊली पिठाचे हात घेऊन धावत यायचे. आता ते दळण चाळता चाळता मानसुद्धा वर करत नाहीत.

तंग ड्रेसात बाईला धड ओरडता येत नाही, हे शिवकन्येचं ठाम मत. म्हणून माप श्वास भरलेल्या छातीचं. पोरींना फिटिंग हवं असतं, तेही ती देते, पण बाजूचा कट चार बोटं जास्तच वर घेते, पळायचं झालं तर पायात कापड नको. उजवीकडे मनगटापर्यंत हात जाईल एवढा खोल खिसा. मोबाइल खिशात, दप्तर पाठीवर आणि दोन्ही हात मोकळे. “मला खिसा नको, फुगल्यासारखं दिसतं,” असं कुणी म्हटलं की शिवकन्या कापड घडी करून परत देते. आजवर एकीनेही ते नेलेलं नाही, कारण तिच्यासारखा ड्रेसचा गळा पंचक्रोशीत कुणाला जमत नाही.

वय चव्वेचाळीस. उंची बेताची, बोलणं फटकळ. नवरा दूध डेअरीवर, मुलगा पुण्यात कंपनीत. दिवसभर पाय पायडलवर आणि तोंड चालू. “बसमधी कंडक्टरच्या मागचं सीट धरत जा. कुणी खेटला तं ‘अहो काका, जरा सरका’ असं करू नको. मोठ्यानं म्हण, हात काढ. वळखीचा असला तं नाव घेऊन म्हण. नाव घेतलं की माणूस उघडा पडतो.” याला ती उपदेश म्हणत नसे. उपदेश करणारी माणसं तिला मुळीच आवडत नाहीत. ती आपली ड्रेस शिवत होती आणि शिवता शिवता बोलत होती.

तिची सगळ्यात मोठी करामत होती ओढणीत. पोरी ओढणी दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिनांनी पक्की टाचतात. मागून कुणी हिसका दिला तर ओढणी निघत नाही, पोरगीच ओढली जाते. मोटारसायकलच्या चाकात गेली तर विचारूच नका. शिवकन्येने पिना बंद केल्या आणि टिचबटणं लावली. बटणाचं एक अंग ड्रेसच्या खांद्यावर, दुसरं ओढणीला. दिवसभर ओढणी जागची हलत नाही, पण हिसका बसला की टिच् करून सुटते आणि पोरगी आपल्या पायांवर उभी राहते. हे तिला सुचलं तेव्हा ती एवढी खूश झाली होती की संध्याकाळी तिने घरी शिरा केला होता. भोकरदनच्या कॉलेजात जाणाऱ्या चौदा पोरींच्या आकाशी ओढण्यांना तिने अशी बटणं लावून दिली. त्या चौदांतली एक पायल.

पायल बारावीला, सायन्सला. तिचे वडील अण्णासाहेब यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार उलगडून नवी तार भरणं हे त्यांचं काम. माणूस कमी बोलणारा, कामाला चोख. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि हे वजन त्यांना स्वतःलाही जरा जास्तच जाणवायचं.

मागच्या थंडीतली गोष्ट. मंगळवारी साडेपाचच्या बसने पायल उतरली. स्टॉपवर सात-आठ माणसं होती. पलीकडच्या वस्तीवरचा बबलू मोटारसायकलवर मागून आला आणि जाता जाता त्याने तिची ओढणी हिसकली. बटणं सुटली. पायल पडली नाही, फरफटली नाही, तिला खरचटलंही नाही. ती शिकवल्याप्रमाणे ओरडली, आणि नाव घेऊन ओरडली, “बबल्या, ओढणी टाक!” बबलू हसत पुढे गेला. ओढणी त्याच्या हातात होती.

शिवकन्या तेव्हा जालन्याला अस्तर आणायला गेली होती. तिला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. आपलं बटण चाललं. पोरगी ओरडली. आणखी काय पाहिजे?

शुक्रवारी दुपारी केशरबाई ब्लाऊज सैल करायला घेऊन आल्या. केशरबाई गावातल्या सगळ्या बारशांना आणि सगळ्या मयतींना हजर असतात आणि मधल्या काळातलं जे काही असेल तेही त्यांना ठाऊक असतं.

“अण्णासाहेबांच्या पायलचं कॉलेज बंद झालं, कळलं का?” त्या म्हणाल्या.

शिवकन्येचा पाय थांबला. “काहून?”

“आता काहून म्हंतीस? त्या बबलूनं तिची ओढणी गाडीच्या आरशाला बांधून गावभर फिरवली. लोकाला डोळे हायेत का न्हाई? अख्खी ओढणी हाय, कुठं चीर न्हाई, भोक न्हाई. पिना लावलेली ओढणी अशी साबूत येती का हातात? फाटली असती. न्हाई फाटली, म्हंजे हिनंच देल्ती. आन वर नाव घेऊन हाक मारली म्हंती. वळख असल्याबिगर नाव घेतं का कुणी?” केशरबाईंनी ब्लाऊज पुढे सरकवला. “जाफ्राबादकडचं स्थळ पाह्यलंय. उद्या पाव्हणे येऊन राह्यले. दोन बोटं सैल कर, काखेत काचतं.”

गावात सगळेच सगळ्यांना नावाने ओळखतात, बबलूला तर त्याच्या बारशापासून, पण हे बोलायचं कुणाला? पोरगी फरफटू नये म्हणून शिवकन्येने बटण लावलं, आणि न फाटलेली ओढणीच पोरीच्या अंगावर शेकली. नाव घ्यायलाही तिनेच शिकवलं होतं. पोरीच्या अंगाची काळजी तिने बोट बोट मोजून घेतली होती. लोक काय अर्थ लावतील, याचं माप घ्यायचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तिने केशरबाईंचा ब्लाऊज बाजूला ठेवला, खुंटीवरचा एक तयार ड्रेस आणि त्याची ओढणी पिशवीत घातली आणि दुकान बंद केलं. “अगं, माझा ब्लाऊज?” असं केशरबाई म्हणत होत्या. शिवकन्या त्यांना न बोलता चालू लागली, ही गोष्टसुद्धा संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

अण्णासाहेब घरीच होते. पुढच्या खोलीत कॉटवर बसले होते. त्यांची बायको साधना उद्याच्या पाहुण्यांसाठी कप पुसून ठेवत होती. पायल आतल्या दारात उभी होती, डोळे सुजलेले.

“या ताई,” अण्णासाहेब म्हणाले, पण त्या ‘या’मध्ये ‘आता जा’ ऐकू येत होतं.

शिवकन्येने बसण्याआधीच पिशवीतला ड्रेस काढला, दाराच्या कडीला हँगरने अडकवला आणि ओढणी खांद्यांवर बसवली. “अण्णा, ही ओढणी वढा.”

“काय?”

“वढा म्हंते. जोरात.”

अण्णासाहेबांनी हात मागे घेतला. बाईमाणसाच्या ओढणीला हात लावायचा म्हणजे काय, मग ती हँगरवरची का असेना. साधनाच उठली. तिने एका हातात ओढणीचं टोक धरलं आणि हिसका दिला. टिच्, टिच्. ओढणी तिच्या हातात आली. ड्रेस कडीला जागच्या जागी. साधनाने ओढणी उलटीपालटी करून पाहिली. कुठे दोरासुद्धा निघाला नव्हता.

“चौदा पोरींच्या वढण्यांना हेच बटण हाय,” शिवकन्या म्हणाली. “मी लावलं. पोरीनं काही देल्लं न्हाई कुणाला. ही सुटायसाठीच शिवलेली हाय. सुटली म्हणून ती फरफटली न्हाई.”

अण्णासाहेब पुढे झाले. बटण त्यांनी स्वतः लावून पाहिलं, ओढून पाहिलं, पुन्हा लावलं. वस्तू हातात आली की त्यांच्यातला कारागीर जागा व्हायचा. “जोर आला की सुटतं,” ते स्वतःशीच म्हणाले. “फ्यूज हाय हा.”

“बराबर. फ्यूज गेला, मोटार वाचली.”

क्षणभर शिवकन्येला वाटलं, झालं काम. पण अण्णासाहेब ड्रेस आणि ओढणी घेऊन कॉटवर परत बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मला पटलं, ताई. बिलकुल पटलं. पण गावाला काय ह्यो फ्यूज दाखवत फिरू? वढणी फाटली असती तं निदान लोकांनी इस्वास ठिवला असता. आता कुणाकुणाचं तोंड धरू?”

शिवकन्येचं ठरवून आणलेलं सगळं बोलून संपलं होतं. ती खाली सतरंजीवर बसली. मग तिने असं काही सांगितलं, जे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

“माझी फाटल्ती, अण्णा.”

साधना तिच्याजवळ येऊन बसली.

“माझं माहेर जांबकडचं. नववीत व्हते. पांढरी वढणी, दोन्हीकडून पिना. शाळेतून येताना एका सायकलवाल्यानं वढली. मी चार पावलं फरफटत गेल्ते. वढणी टर्कन फाटली, खांद्यावरचा ड्रेस फाटला, गुडघे फुटले. रगत घेऊन घरी आल्ते मी. समद्यांनी इस्वास ठिवला. एका माणसानं मला खोटं म्हटलं न्हाई. आन दुसऱ्या दिवशीपासून माझी शाळा बंद. पुढच्या उन्हाळ्यात लग्न.” तिचा आवाज चढला नव्हता, चिरला मात्र होता. “वढणी फाटली तरी शाळा माझीच बंद झाली. न्हाई फाटली तरी हिचंच कॉलेज बंद झालं. त्यो सायकलवाला दहावी झाला. बबलूची गाडी आजबी स्टॉपवरून फिरून राह्यली. मंग मला सांगा, मी वढणीला आता काय लावू?”

साधनाने तोंडाला पदर लावला. अण्णासाहेब मान खाली घालून बसले होते. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली आणि पायल आतल्या दारात शहारली. ते अण्णासाहेबांनी पाहिलं. तीन दिवस त्यांनी लोकांकडे पाहिलं होतं, लोक काय बोलतात ते ऐकलं होतं. घरातल्या पोरीकडे त्यांनी आत्ता पाहिलं.

“पायल, इकडं ये,” ते म्हणाले. “बस. काय झाल्तं ते सांग मला.”

पायल कॉटच्या कडेला बसली. आधी तिला बोलता येईना. मग ती बोलू लागली आणि थांबेचना. बबलू महिनाभर बसच्या मागे यायचा. एकदा त्याने वाट अडवली होती. ती स्टॉपवर एकटी उतरायचं टाळायची, मैत्रिणीसाठी पुढची बस धरायची. अण्णासाहेब एकेक वाक्य ऐकत होते आणि त्यांच्या हातातलं बटण उघडत होतं, लागत होतं.

“महिनाभर?” ते म्हणाले. “मला काहून सांगितलं न्हाई?”

पायलने आईकडे पाहिलं, शिवकन्येकडे पाहिलं. “तुम्ही कॉलेज बंद केलं असतं, पप्पा.”

अण्णासाहेबांनी तेच तर केलं होतं.

साधना चहा टाकायला उठली आणि तशीच उभी राहिली. शेवटी पायलनेच हळूच विचारलं, “उद्या जाऊ मी कॉलेजात?”

“न्हाई,” अण्णासाहेब म्हणाले.

शिवकन्या निघायला उठली.

“उद्या भोकरदनला, पोलीस ठाण्यात,” ते म्हणाले. “तू सांगायचं, मी संगं बसतो. त्याचं नाव लिहून द्यायचं. परवा रविवार. सोमवारपासून कॉलेज.” मग ते बायकोकडे वळले. “जाफ्राबादला फोन लाव. म्हणावं, येऊ नका. पोरगी शिकून राह्यली.”

साधनाने त्यांना दुसऱ्यांदा बोलायची वेळ येऊ दिली नाही.

शिवकन्या चहा घेऊन निघाली. ऊन उतरलं होतं, गिरणी चालू होती, पिठाचा वास सुटला होता. दुकानात केशरबाईंचा ब्लाऊज वाट पाहत होता. शिवकन्येची शाळा बंद करणाऱ्या तिच्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यावर ती एकदाही चिडली नव्हती. माणूस चांगला होता, मायाळू होता. तिचे फुटलेले गुडघे त्यांनी स्वतः धुतले होते. फक्त ‘काय झालं ते सांग’ एवढं त्यांनी विचारलं नव्हतं, आणि ‘आता तुला काय पाहिजे’ हेही नाही. हे तिच्या ध्यानात आलं आणि बसस्टॉपपाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, चव्वेचाळीस वर्षांची शिवकन्या नववीतल्या पोरीसारखी रडायला लागली.