कालव्याचं पाणी उतरताना

चौदा मार्च १९९६. पेणला रामवाडीत आमच्या अंगणात मी पोह्याचे पापड वाळत घालत होते. कावळे आणि शेळ्या हाकायचं काम आमच्या कुत्रीचं. मी तिला लाडासाठी पाळली नव्हती, त्या कामासाठी पाळली होती आणि ते ती चोख करायची. त्या दुपारी एका शेळीमागे धावत ती हायवेवर गेली. टेम्पोचा धक्का लागला. पुढच्या दोन पायांवर मागचं अंग ओढत ती परत आली आणि पापडांच्या खाटेखाली पडली.

आठवडा गेला तरी मागचे पाय हलेनात. फरपटून पायांची सालं निघाली. भाकरी तोंडाशी धरली तर ती मान वळवायची.

"इंजेक्शन देऊन मोकळी कर तिला," नवरा म्हणाला. "ही घेऊन बसलीस तर पापड कोन लाटनार?"

"तुम्ही लाटा."

ते डबा उचलून शिफ्टला गेले.

ओळखीच्या टेम्पोतून तिला रोह्याला, माझ्या बहिणीच्या ओळखीतल्या गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी मागचा पंजा चिमटीत जोरात दाबला. तिनं मान फिरवून दात दाखवले.

"कळतंय तिला," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे सगळं गेलेलं नाही. जखमा भरल्या की पाण्यात पोहवा. जमिनीवर तिच्या पायांना तिचं वजन पेलत नाही, पाण्यात ते पाणीच उचलतं. पाय हलते राहिले की सांधे आखडत नाहीत, मांडी सुकत नाही, भूक लागते. मात्र दमवू नका. बाहेर काढली की अंग लगेच कोरडं करा."

"आणि नाही उठली तर?"

"पुढच्या महिन्यात मी तुमच्या बहिणीच्या गावात गुरं बघायला येणार आहे. तेव्हा ठरवू."

इंजेक्शन हा शब्द त्यांनी काढला नाही. मी काढला. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पेणला खाडी होती, पण नुकत्या भरलेल्या जखमांवर खारं पाणी नको होतं. माझी बहीण रोह्याजवळ, अष्टमीच्या पुढच्या गावात दिलेली. तिच्या घराजवळून कालवा जातो आणि उन्हाळी भातासाठी त्याला पाणी सोडलेलं होतं. लाटायचं पीठ जावेच्या हवाली करून मी कुत्रीसकट बहिणीकडे जाऊन राहिले.

कालव्याला धुण्यासाठी पायऱ्या होत्या. सकाळी पाणी गार, म्हणून दुपारी उतरायचे. माझ्या कमरेच्या वर पाणी. जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची आणि तिचं तोंड प्रवाहाकडे करायचं. पुढचे पाय ती सपासप मारायची. पाणी मागे ढकलायचं, म्हणून जागच्या जागीच पोहणं. मागचे पाय नुसते तरंगायचे, पाण्यात सोडलेल्या फडक्यासारखे.

धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या. एक म्हणाली, "गो, माझ्या नवऱ्याला पन शिकव पोहायला. पट्टी नाय धरलीस तरी चालंल."

दुसरी कपडे आपटतच म्हणाली, "मानूस लुळा पडला तर कोन इतकं करत नाय."

माझं लक्ष त्या पायांवर होतं.

भूक मात्र खरंच लागली. घरी आल्यावर ती भाकरी दुधाशिवाय खायला लागली, तिचं पोट साफ होऊ लागलं, झोपेत कण्हणं थांबलं. मांडी चिमटीत धरून रोज बघायचे. ती आणखी सुकली नव्हती. एका दुपारी पाण्यात तिनं उजव्या पायानं माझ्या मांडीला लाथ मारली. मी पट्टी धरून तशीच उभी राहिले, पुन्हा मारते का बघत. मारली. पण जमिनीवर आणली की पाय पुन्हा मेलेले. डावा तर पाण्यातही गप्प.

डॉक्टर यायच्या आदल्या दुपारी कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी काठावरून ओरडत गेला, "उद्यापासनं पानी उतरनार. वर कालवा फुटलाय."

"किती दिवस?"

"ते काय सांगू? शेतकरी पन हेच इचारतायत."

त्या संध्याकाळी मी तिला अंगणात उभी करून बघितली. धरलं की उभी, सोडलं की कोसळायची. पाच-सहा वेळा केलं. शेवटी बहिणीनं माझा हात धरला. "ताई, पुरे. ती तुझ्याकडं बघतेय कशी, बघ जरा."

मी बघितलं नाही. जेवणही गेलं नाही. पाणी गेल्यावर डॉक्टरांना दाखवायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं, आणि कोसळणारी कुत्री बघून त्यांनी काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गार असलं तरी तिला उचलून कालव्यावर नेली. पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. खालच्या पायरीपाशी पाणी जेमतेम तिच्या पोटाला लागेल इतकं. पोहणं संपलं होतं. पण अर्धं वजन तरी पाणी उचलेल, असं वाटून मी तिला त्यात उतरवली. चारही पाय तळाला टेकले. डावा पंजा उलटा मुडपला होता, तो हातानं सरळ केला. पट्टी सैल सोडली.

ती उभी राहिली. श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ. मग डावीकडे कलंडली. तोंडात पाणी जायच्या आत उचलली, पंजा सरळ केला, पुन्हा सोडली. पुन्हा तेवढाच वेळ.

डॉक्टर बॅग घेऊन काठावर कधी येऊन थांबले, कळलं नाही. "काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बॅग ठेवा नि खाली उतरा," मी म्हटलं. "डावा पंजा तुम्ही धरा."

पँट दुमडून ते पाण्यात आले. मी पट्टी पुन्हा सैल सोडली.