भुताच्या सिनेमासाठी धरणं

कप जरा लांब ठेवा माझ्यापासून. हा किस्सा सांगताना मला अजून संताप येतो, आणि संताप आला की माझे हात उडतात. त्या उडणाऱ्या हातांनीच तर माझी फजिती केली!

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी गंगाखेडला शाळेत गुरुजी होतो. गावात करमणूक म्हणजे मैदानातला करीमभाईंचा सिनेमाचा तंबू. आणि मला वेड एकच, भुताचे जुने सिनेमे! हैदराबादला शिकताना ते मी इतके पाहिले होते, की पडद्यावर हवेलीचं दार करकरलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं.

पण करीमभाई दाखवायचे काय? देव! या आठवड्यात देव, पुढच्या आठवड्यात दुसरा देव. अहो, देवांशी माझं भांडण नाही, पण किती? लोक चपला तंबूबाहेर काढून आत यायचे. पडद्यावर देव आला की उठून नारळ फोडायचे, उदबत्त्या लावायचे. त्या धुरात देवाचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. डोकं फिरायचं माझं!

एकदा गेलोच तरातरा करीमभाईंकडे.

"भुताचा सिनेमा का आणत नाही तुम्ही?"

"नको गुरुजी," पान चघळत ते म्हणाले. "भूत कू देखने औरतां आती नईं. औरतां नईं आयी तो मरदां भी घर में बैठते."

"गावात भुताचे शौकीन आहेत!"

"किधर हैं?"

"हा काय, मी आहे! दत्तोपंत आहेत!"

दत्तोपंत म्हणजे आमचे चित्रकलेचे गुरुजी. त्यांना भुताची आवड मुळीच नव्हती, पण मला नाही म्हणायची छातीही नव्हती.

मी पेटलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूच्या दारात आम्ही दोघं धरणं धरून बसलो. 'भुताचा खेळ आणा!' असं दत्तोपंतांनी पुठ्ठ्यावर झकास रंगवलं होतं. आता येणाऱ्यानं थांबावं, विचारपूस करावी, पाठिंबा द्यावा की नाही? पहिली आली आमच्या गल्लीतली गयाबाई. तिनं वहाणा काढल्या, नीट माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "गुरुजी, ध्यान असू द्या बरं. मागल्या टायमाला माजी एक वहाण गेली."

"गयाबाई, मी धरणं धरून बसलोय इथं!"

"बसा की. पन नजर हिकडं ठिवा."

झालं! तिचं बघून मागच्यानं काढल्या, त्याचं बघून त्याच्या मागच्यानं. खेळ सुरू होईपर्यंत माझ्यापुढे चपलांचा ढीग! खेळ सुटल्यावर एक जण मलाच दरडावतो, "माजा जोडा कुटं ठिवला?" आणि आमचे दत्तोपंत चक्क शोधून द्यायला लागले! असा राग आला मला त्यांचा!

पण मी हटलो नाही. रोज बसलो. शेवटी करीमभाईच वैतागले.

"एक खेल, गुरुजी. भूत का. सब चुपचाप देखे तो हर शनिवार भूत लगाता मैं. लेकिन गडबड हुई, तो इस गांव में भूत का नाम नईं लेना. कबूल?"

"कबूल!"

जाहिरातीच्या टांग्यात मी स्वतः चढलो. पुढे हलगी, मागे मी. "हिंमत असेल तर या! आणि आलात तर गप्प बसा!" असं गावभर ओरडत फिरलो. माझा घसा बसला, पण शनिवारी तंबू खच्चून भरला.

मग बघतो तर काय, दारात एकही चप्पल नाही! सगळे पायांत घालूनच आत बसलेले.

"हे काय, गयाबाई?"

"देवाम्होरं काडायच्या असत्यात, गुरुजी. भुताम्होरं कुनी काडतं व्हय? वहाणंलाच तर भेतंय ते!"

आणि तिच्या पदराखाली काय होतं, सांगा बघू? भाकरीचा तुकडा, लिंबू, कुंकू. उतारा! देवाला नारळ, तसा भुताला उतारा. इकडे बघावं तर उतारा, तिकडे बघावं तर कडुनिंबाचे डहाळे. मेंढरं राखणारे बापू तर काठी पुढे धरून बसले होते.

"कुणी जागचं हलायचं नाही!" मी दम भरला.

अंधार झाला. हवेली आली. दार करकरलं. अहाहा! पांढऱ्या साडीतली बाई जिन्यावर आली, सावकाश वळली, आणि आमची गयाबाई उठली!

"हे घे बया, अन् जा तुज्या वाटंनं!" म्हणत तिनं उतारा पडद्यापुढे ठेवला. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे रांग! मशीनजवळून करीमभाई मला हातवारे करायला लागले. माझे सगळे शनिवार माझ्या डोळ्यांदेखत चालले होते हो!

माझं डोकंच सटकलं. लोकांना तुडवत मी पुढे गेलो, रांगेला खाली बसवलं, लोकांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून वर्गात ओरडतो तसा ओरडलो, "गप्प बसा! भूतबित काही नसतं! नुसता उजेड आहे हा!"

आता माझा अवतार डोळ्यांपुढे आणा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि हे माझं लांब नाक. मशीनचा झोत थेट अंगावर. त्या बाईचं तोंड माझ्या पोटावर आणि मागे पडद्यावर माझी तंबूएवढी काळी सावली, हात वर केलेली. नेमकी तेव्हाच बाई हसायला लागली! आवाजाचा कर्णा माझ्या पाठीमागेच होता. माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? लोकांना दिसत होतं ते एवढंच की माझं तोंड उघडतंय, आणि त्यातून बाईचं हसू बाहेर पडतंय.

"भाईर आलंऽऽ!" बापू किंचाळले. "पडद्यातून भाईर आलं! मायला, हसायलंय!"

पहिली वहाण गयाबाईची. मी लगेच ओळखली. इतके दिवस सांभाळली होती ना! मग तंबूतल्या सगळ्याच वहाणा माझ्या दिशेनं सुटल्या. मला आणखी संताप आला. संताप आला तसे हात आणखी उडाले. हात उडाले तसं भूत आणखी नाचलं! डोळे मिटून उघडतो तर तंबू रिकामा. दत्तोपंत? ते सगळ्यांच्या पुढे पळाले होते.

दुसऱ्या दिवशी करीमभाईंनी बोलावलं. शर्त हरलो होतो. मान खाली घालून गेलो, तर तंबूच्या दारात, अगदी माझ्या जागेवर, गयाबाई आणि बापू धरणं धरून बसलेले! पुठ्ठाही आमचाच.

"गुरुजी, तुमी कुटं व्हता?" गयाबाई म्हणाली. "लय भारी भूत व्हतं! पन आता आमाला भाईर येनारंच पायजे. निस्तं पडद्यातलं चालायचं न्हाई."

"अन् लांब नाकाचंच पायजे," बापू म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच करीमभाईंनी माझा हात दाबला.

"हर शनिवार भूत, गुरुजी. तुम आये तो. कबूल?"

काय करणार! कबूल केलं. मग गयाबाईची मागणी आली, भूत पहिल्यापासून शेवटपर्यंत बाहेरच पाहिजे. तीही करीमभाईंनी मान्य केली!

तर मंडळी, त्या वर्षी गंगाखेडात भुताचे एकाहून एक सरस जुने सिनेमे येऊन गेले. कसे होते म्हणून विचारताय? मला काय माहीत! माझी पाठ होती ना पडद्याकडे!