रिकामी शेड आणि माझी पिशवी

राळेगाव मागे पडलं तरी एसटीच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस संपत नव्हता. मी नाशिकच्या एका सोसायटीच्या कचरा समितीचा अध्यक्ष. ओला-सुका यावर शेजाऱ्यांना ज्ञान पाजळण्यात माझा हात कुणी धरणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावी कचरा वेचणाऱ्या बायकांनीच वर्गीकरणाची शेड चालवली आहे, असं ऐकलं आणि निघालो. खरं सांगायचं तर शिकायला नाही, शिकवायला.

रात्री लॉजवर उतरलो. डोकं ठणकत होतं, जेवायची इच्छाच नव्हती. सकाळी दाढी केली, तर खोलीत कचऱ्याची टोपली नाही. मग प्रवासातला सगळा कचरा एका पिशवीत कोंबला, ती सॅकला लटकवली आणि बाहेर पडलो. स्टँडवर गरमागरम सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) खाल्ली. तिखटानं कान तापले, पण डोकं ठणकायचं थांबलं.

शेड गावाच्या टोकाला होती. बायकांच्या गटाच्या प्रमुख कलाबाई दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत.

"या भाऊ, बसा. आज साहेब येऊन राह्यले."

शेड ठेकेदाराला द्यायची की बायकांकडे ठेवायची, हे नगरपंचायतीचे साहेब आज पाहून ठरवणार होते. ठेकेदार वर्गीकरणाचं मशीन लावणार होता; तो आला तर या बायकांना कचऱ्याला हातही लावता येणार नव्हता.

"मंग आमी कुठं जावं?" कलाबाई म्हणाल्या.

मी आत डोकावलो आणि चक्रावलो. शेड लख्ख! दारात सडा, वर रांगोळी. पाहुणा येणार म्हणून आपण घर आवरतो, तसंच यांनी केलं होतं. आदल्या दिवशीच सगळा माल विकून टाकला होता, सकाळच्या घंटागाडीलाही दुपारी यायला सांगितलं होतं.

साहेब आले. चारी बाजूंनी पाहिलं.

"इथं तर काहीच नाही. काम नसेल तर शेड कशाला हवी?"

बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. कलाबाईंची नजर मात्र माझ्या सॅकवर गेली.

"भाऊ, थे पिशवी द्या बरं."

गोणपाटावर त्यांनी माझी पिशवी ओतली. हात असा चालू लागला की पाहत राहावं. बाटली एकीकडे, तिचं झाकण दुसरीकडे, केळीची सालं खताच्या खड्ड्यात.

"भाऊ रात्री जेवले नाही, साहेब. बिस्किटावरच झोपले. डोक्शाची गोळी बी घेतली."

सगळे हसले, साहेबही. तेवढ्यात कलाबाईंचा हात थबकला. दोन बोटांत अलगद धरून त्यांनी माझं दाढीचं ब्लेड वर काढलं. उघडंच टाकलेलं.

"हे मशीनले दिसत नाही, साहेब. आमाले बी कधी उशिरा दिसते."

त्यांनी डावा हात पुढे केला. एका बोटावर लांब पांढरा व्रण होता. ते बोट वाकत नव्हतं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ब्लेड कसं टाकायला हवं?" साहेबांनी विचारलं.

"कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून. आमी घरोघरी सांगतलं. कोणत्याबी दारात विचारा."

साहेब खरंच निघाले. मागच्या गल्लीतल्या तीन घरांत विचारून आले आणि सोबतच्या लिपिकाला म्हणाले, "शेड यांच्याकडेच राहील. यांना ओळखपत्रं द्यायची, त्यासाठी फोटो आजच काढा."

कलाबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग मागे वळून ओरडल्या, "पुढल्या खेपेले साहेब आले तं शेड झाडून काढाची नाही, बायांनो!"

निघताना त्यांनी ते ब्लेड, कागद आणि लाल पेन माझ्यापुढे ठेवलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा नीट गुंडाळलं.

नाशिकला परतल्यावर समितीची बैठक लावली. भाषण तयार होतं, पण ते केलंच नाही. एकच विचारलं, "आपला कचरा उचलायला येते, त्या बाईचं नाव काय?"

कुणालाच ते माहीत नव्हतं. अध्यक्ष असून मलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या वेळेआधीच मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.