पन्हळींचं सिलिंडर

त्या वर्षी नवऱ्याचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. आमचा सेटलमेंटचा अर्ज नुकताच गेला होता. व्हिसा माझ्या नोकरीवर, आणि त्याचा माझ्यावर. होकार आला की या देशात कायमचं राहायचं. नकार आला की बर्मिंगहॅममधलं घर, दोघांच्या नोकऱ्या, सगळं गुंडाळून परत. आणि अशा वेळी आमच्या फ्रंट रूममधल्या काचेच्या कपाटात एक रिव्हॉल्व्हर होतं.

"उत्तर येईपर्यंत ते कुणाकडे तरी ठेवून दे," तो म्हणायचा.

"का? चोरीचं आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

यावर तो अर्जाची फाइल पुन्हा चाळायला घ्यायचा, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

मी एका इंजिनिअरिंग कंपनीत मोजमापाचं काम करते. दिवसभर सुटे भाग तपासायचे, एखादा ड्रॉइंगपेक्षा केसभर वेगळा निघाला की बाजूला काढायचा. माझा छंद म्हणजे याच सवयीचं उलटं टोक आहे. जुन्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे ज्यांचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो त्यांत, मला नेमका तोच भाग हवा असतो जो कारखान्यातूनच वेगळा निघाला. माझं रिव्हॉल्व्हर अमेरिकेतलं, ठासणीचं. दारू आणि गोळी पुढून ठासायची. त्या जातीच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता भाग, एरवी गुळगुळीत असतं आणि त्यावर जहाजांच्या लढाईचं कोरीवकाम असतं. माझ्या सिलिंडरवर कोरीवकाम नाही, उभ्या खोलगट पन्हळी आहेत. कंपनीने अगदी सुरुवातीला थोडीच तशी केली, मग सोडून दिली. ऑक्शनमध्ये ते दिसलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती.

इथला कायदा तसा सरळ आहे. अस्सल जुनं ठासणीचं हत्यार शोभेची वस्तू म्हणून लायसन्सशिवाय ठेवता येतं. चालवायचा विचार मात्र मनात असता कामा नये, आणि त्यात एखादा मुख्य भाग नवा बनवून बसवलेला असता कामा नये. माझ्याकडे दारू नव्हती, गोळ्या नव्हत्या, आणि सिलिंडर जुनंच होतं याबद्दल माझी खात्री होती. मग कुणाच्या बापाला भ्यायचं, असा माझा हिशोब.

त्यात आई आली. कोल्हापूरहून, पहिल्यांदाच, ऐन नवरात्रात.

आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे मोठं काम. विळी, कोयता, पाना, आईचं शिवणयंत्र, बाबांची स्कूटर, जे जे हाताला अन्न देतं ते सगळं धुऊन-पुसून पुजायचं. बाबा गेल्यावरही आईने ते सोडलं नाही. इथे आल्यावर तिने माझं कपाट पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "शस्त्र घरात आहे आणि नवमीला नुसतं काचेत ठेवणार तुम्ही? शोभतं का?"

"पूज. पण पाणी लावायचं नाही, घासायचं नाही," मी बजावलं. लोखंडावरचा जुना काळपटपणा गेला की अशा वस्तूचा जीवच गेला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूसमोर काय बोलणार बिचारा.

नवमीला आम्ही दोघं वरच्या खोल्यांमध्ये घरूनच ऑफिसचं काम करत होतो. खाली आईने फ्रंट रूममध्ये पाट मांडला. त्यावर सुरी, जावयाचा जुना लॅपटॉप, माझा मायक्रोमीटर आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. देवाचं काम अंधारात कशाला म्हणून तिने पडदे पूर्ण उघडले. आमची फ्रंट रूम थेट रस्त्यावर. धूप पेटवला, कापूर लावला, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी धुराच्या लोटात पिस्तूल आणि त्याभोवती हात फिरवणारी बाई दिसली. फोन कुणी केला ते आम्हाला कधी कळलं नाही. त्या माणसाला मी दोषही देत नाही.

मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. बाहेरून कर्ण्यावर आमच्या घराचा नंबर ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर समोर दोन गाड्या आडव्या, आणि त्यांच्या आडून बंदुका आमच्या दारावर रोखलेल्या. घरातल्या सगळ्यांनी एकेक करून, रिकामे हात दिसतील असे, बाहेर यायचं होतं.

खाली आई विचारत होती, "काय झालं गं? गॅस लीक झाला का?"

"आई, हात वर कर आणि माझ्या मागे ये. काही बोलू नकोस."

"हात वर?"

"कर म्हणते ना."

आई निघाली. दाराबाहेर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की तिची बोटं कुंकवाने लालभडक आहेत. समोरचा पोलीस त्या बोटांकडेच बघत होता. "रक्त नाही ते," मी इंग्रजीत ओरडले, "पूजेचा रंग आहे." माझाच आवाज मला ओळखू येईना. मागून नवरा आला. पायात चप्पल नव्हती, हात डोक्याच्या वर. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"हत्यार भरलेलं आहे का?" एकाने विचारलं.

"नाही. रिकामं आहे. कधीच भरलेलं नव्हतं."

दोघं आत गेले. बाहेर आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. समोरच्या घरांमधले पडदे हलत होते. जरा वेळाने आतला एक दारात आला. तो वयाने मोठा होता, बोलायला शांत. "तुम्ही रिकामं म्हणालात," तो म्हणाला. "सिलिंडरमध्ये काहीतरी भरलेलं आहे."

क्षणभर मला स्वतःचीच शंका आली. मी आईकडे वळले. ती हात वर ठेवूनच म्हणाली, "अक्षता आहेत गं. रिकामं कसं पुजायचं? आपण कुणाचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाही."

"तांदूळ," मी त्याला सांगितलं. "माझ्या आईने त्यात तांदूळ भरलेत."

त्याने ते मला दोनदा सांगायला लावलं. मग हातमोज्यावर सिलिंडर हलकेच उलटं केलं, आणि कुंकू लागलेले ओलसर दाणे खाली पडले. गाडीमागच्या एका पोराने बंदूक खाली केली. हात खाली घ्यायला सांगितले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मला आईला मिठी मारावीशी वाटत होती आणि तिच्यावर तोंडभर ओरडावंसंही वाटत होतं.

तिथेच ते संपलं असतं. पण त्या मोठ्या पोलिसाला जुन्या हत्यारांची थोडी माहिती होती. त्याने रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं. "या मॉडेलचं सिलिंडर गुळगुळीत असतं," तो म्हणाला. "हे नवीन बनवून बसवलंय का?"

आता हे मला विचारायला नको होतं. मी सुरूच झाले. हेच तर याचं वैशिष्ट्य, कंपनीने सुरुवातीला अशी केली होती, सांगाड्यावरचा नंबर बघा, त्याच काळातला आहे. मी हात हलवून हलवून सांगत होते आणि नवरा माझ्या कोपराला बोट लावत होता. ज्या भागासाठी मी ती वस्तू घेतली, त्याच भागाने मला पकडून दिलं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तुमचं बरोबरही असेल, म्हणाला, पण मी इथे ठरवू शकत नाही. तज्ज्ञाकडे पाठवावं लागेल, काही महिने जातील, तोवर चौकशी उघडी राहील. किंवा तुम्ही स्वखुशीने ते आमच्या स्वाधीन करा, इथे सही करा, विषय आजच संपेल.

"आणि त्याचं काय होईल?"

"नष्ट करतात," तो म्हणाला. सांगताना त्यालाही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं.

उघडी चौकशी आणि व्हिसा ऑफिसात टेबलावर पडलेला आमचा अर्ज. दुसरं काहीच मला दिसेना. इतके दिवस मागे लागलेला नवरा हळूच मराठीत म्हणाला, "सही करू नकोस. तू खरी आहेस. बघू काय होतं ते."

त्याचं ते बोलणं ऐकून मला रडू आलं. आणि मी सही केली.

त्यांनी ते पिशवीत घातलं, सील केलं, आमचे आभार मानले. गाड्या गेल्यावर रस्ता नेहमीसारखा झाला.

आई पाट आवरत होती. माझा मायक्रोमीटर पुसून तिने जागेवर ठेवला. मला वाटलं, आता ती म्हणणार, माझ्यामुळे झालं सगळं. मी "असू दे" म्हणायची तयारी करून बसले होते.

"ते चोरीचं नव्हतं ना?" तिने विचारलं.

"नाही गं."

"कायद्यात बसत होतं?"

"हो."

"जावई नको म्हणत असताना दिलंस."

"आई, सेटलमेंट अडकलं असतं. तुला नाही कळायचं."

"नसेल कळत," ती म्हणाली. "मी तिकडे चारचौघींत सांगते, माझ्या पोरीचं तिकडे स्वतःचं घर आहे. स्वतःच्या घरात खरं असून एवढं भ्यायचं, तर तू राहतेस कशी गं इथे?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

थंडीत सेटलमेंट आलं. नवऱ्याने दुकानातून बर्फी आणली, मित्रांना फोन केले. मी कोल्हापूरला आईला फोन लावला.

"मिळालं," मी म्हटलं.

"बरं झालं." मग तिने विचारलं, "आता भीती नाही ना वाटत?"

मी नाही म्हटलं, आणि तिने पुढे काही विचारायच्या आत, आज जेवायला काय केलंस, ते मीच विचारलं.