दुखणारी कड

नाटकघराच्या अगदी वरच्या मजल्यावर, जिथं जिना संपतो आणि चढणाऱ्याचा दमही संपतो, तिथं टोपवालीची खोली होती. फळ्यांवर लाकडी डोकी मांडलेली, काहींवर टोप, काही तशीच बोडकी. छपराच्या काचेतून ऊन उतरायचं ते आधी या डोक्यांवर, मग उरलंसुरलं तिच्यावर. जाळीत एकेक केस आकडीच्या सुईनं ओवायचा आणि गाठ मारायची, हे तिचं काम. राजाचे कुरळे केस, म्हातारीचा पांढरा अंबाडा, वेडीच्या जटा, सगळं तिच्याच हातचं. अख्खं नाटकघर माझ्या टोपांवर चाललंय, असं ती म्हणायची. तिला अडवायची कुणाची टाप नव्हती.

तिचं स्वतःचं वैभव म्हणजे तिची वेणी, आणि ती ताईनं वाढवलेली. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीचं सगळं ताईनंच केलं. दोघींनी लग्नं केली नाहीत. दिवेलागणीला ताई पलंगावर, ही खाली जमिनीवर, आणि मधे कंगवा, हा रिवाज धाकटीचे केस पिकायला लागले तरी सुटला नव्हता. एरवी ताई मिठाची गुळणी धरून बसल्यासारखी असायची, पण कंगवा हातात आला की बोलती व्हायची. दिवसभराचं सगळं बोलणं त्या वेणीत गुंफलं जायचं.

मग भांगाशी आग व्हायला लागली. झुळूक लागली तरी झोंबायचं, उशीला डोकं टेकवलं तरी कळ यायची. केस झुबक्यानं हातात येत होते. टोपवालीनं तेल चोळून पाहिलं, उरलेले तरी निसटू नयेत म्हणून वेणी करकचून बांधून पाहिली. शेवटी भांग विरळ होऊन मधे रुपयाएवढी जागा उघडी पडली, तेव्हा एखादी टोपवालीच करेल ते तिनं केलं. आपलेच गळलेले केस जमवून छोटासा टोप विणला आणि चिमट्यांनी त्या जागेवर घट्ट बसवला. काम इतकं सुबक झालं होतं की आरशात बघून तिनंच स्वतःला शाबासकी दिली.

“आता मीच घालत जाईन वेणी,” तिनं ताईला सांगितलं. “तुझे हात दुखतात गं.”

ताईचे हात ठणठणीत होते. पण हे टक्कल तिच्या नजरेस पडलं तर तिचा जीव तुटेल, या भीतीनं टोपवालीला दुसरं काही सुचलं नव्हतं. थोडे दिवस ताई विचारत राहिली, आज तरी ये की. मग विचारायची थांबली. कंगवा खणात गेला.

एका दुपारी सुई हातात असतानाच टोपवालीचा डोळा लागला. ऊन सायीसारखं दाट झालं होतं. फळीवरची डोकी एकमेकांशी बोलत होती, आणि त्यातलं एक तिच्याकडे वळून म्हणालं, “आम्हांला टाचण्या टोचतेस, तरी आम्ही कधी हूं का चूं केलंय?” तिला त्यांचा फार हेवा वाटला. ती अलगद उठली, फळीवर जाऊन त्यांच्या रांगेत बसली, आणि कुणीतरी तिच्या डोक्यावर ऊन ओवत राहिलं.

जाग आली तेव्हा तिनं भीत भीत भांगावर बोट ठेवलं. दुखत नव्हतं! दाबून पाहिलं, तरी नाही. कातडी कशी गुळगुळीत, शांत. कडेकडेला अजून जळत होतं, पण तेवढ्याकडे कोण लक्ष देतो? ती गुणगुणत घरी गेली.

राजाचं काम करणारा नट मात्र लक्ष देणारा निघाला. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. टोप बसवून घेताना तो म्हणाला, “बाई, तुमचा हात सारखा डोक्याकडे का जातोय?”

याच्यापासून काय लपवायचं, म्हणून तिनं सांगून टाकलं. “वयानं गळतातच हो केस. तुमचे नाही का गेले?”

“माझे चोरपावलांनी गेले. एकदाही दुखलं नाही. तुमचं दुखतंय, म्हणजे प्रकरण निराळं आहे. डॉक्टरला दाखवा, नाहीतर आज हा राजा तुळतुळीत डोक्यानं सिंहासनावर बसेल.”

धमकी लागू पडली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी टोप काढायला लावला, भिंग लावलं आणि मधली जागा दाबली. “इथं दुखतं?”

“नाही. तिथलं बरं झालंय.”

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. “बरं नाही झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “तिथली छिद्रंच बुजलीत. तिथं आता केस यायचे नाहीत.” मग त्यांनी कड दाबली आणि टोपवाली कळवळली. “इथं मुळांभोवती सूज आहे. दुखतंय, म्हणजे आतलं भांडण अजून चालू आहे. इथं वाचवण्यासारखं आहे. लहानसा तुकडा काढून तपासू, मग औषध सुरू करू. वेळ लागेल. आणि हे चिमटे आधी बंद. त्यांनी आजार आणला नसेल, पण दुखऱ्या जागेवर ओझं कशाला?”

परतताना तिनं डोक्यावरून नुसती ओढणी सैल घेतली होती. कलत्या उन्हात येणाऱ्याजाणाऱ्यांचे केस सोनेरी दिसत होते, आणि सगळा रस्ता पाण्याखालून चालल्यासारखा संथ वाटत होता. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. ज्या दिवशी ती गुणगुणत घरी गेली, त्या दिवशी तिथलं सगळं संपून गेलेलं होतं. आणि घरात ताईही तर विचारायची थांबली होती. हे आठवलं तशी ती भराभर चालायला लागली.

ताई पलंगावर बसली होती. टोपवाली तिच्या पायाशी खाली बसली, पाठ केली, ओढणी काढली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.



“माझे हात दुखतात म्हणे,” ताई मागून म्हणाली. “माझे!”

तिनं खणातून कंगवा काढला, त्याच्या दातांकडे पाहिलं, बाजूला ठेवला. मग नुसतं बोट भांगावर टेकवलं.

“इथं दुखतं?”

“नाही.”

बोट तिथंच थांबलं. मग कडेला सरकलं.

“इथं?”

“आई गं! हो.”

“बरं झालं,” ताई म्हणाली. “आता सांग, अजून कुठं कुठं दुखतं?”